पाच मिनिटं आवळून, पाच मिनिटं मोकळं

आई फोनवर विचारते, अजून लघव्याच मोजतेस का?
मी म्हणते, हो.
शेफील्डमध्ये पहाटेचे साडेचार.
टेकडीवरच्या हॉस्पिटलात, अतिदक्षता विभागात
पलंगाखाली लटकलेल्या पिशव्यांपुढे मी उकिडवी बसते,
डोळे रेघेच्या पातळीला आणते.
तासाला तीस मिलिलिटर म्हणजे सुटलो.
तासाला आठ म्हणजे डॉक्टर वाघमोडेंना उठवा
(त्या मीच, उठलेलीच आहे).

मूत्रपिंड तक्रार करत नाही.
निम्मं कामातून गेलं तरी रक्ताचा रिपोर्ट
दोन दिवस म्हणत राहतो, सगळं ठीक आहे हो,
चार माणसांत थोरल्या जाऊबाई म्हणतात तसं.

मला छळतं ते वेगळंच.
ऑपरेशनच्या वेळी रक्त आटतं, ते नव्हे;
रक्त परत येतं, ते.
नलिकांतल्या पेशी उपाशीपोटी तग धरून असतात,
आणि ज्याची वाट पाहिली तोच प्राणवायू
लोंढ्यासारखा घुसतो, आणि त्या फुटतात.
लंघनानंतर आधी पेज द्यावी
हे जुन्या वैद्यांना ठाऊक होतं.
मला ते सिद्ध करायला अकरा वर्षं लागली
आणि चारशे बारा उंदीर.
त्यांचा आकडा मी कुठेही गोल करत नाही.

मग माणसं.
हृदयाच्या ऑपरेशनआधी दंडाला पट्टा बांधायचा,
पाच मिनिटं आवळायचा, पाच मिनिटं सोडायचा,
असं तीनदा.
हाताला छोटासा दुष्काळ दाखवला
की दूर कमरेतलं मूत्रपिंड
हंडे-कळशा भरून तयार राहतं,
असा आमचा तर्क.
निरोप कोण नेतं, ते कुणालाच नीट माहीत नाही.
निम्म्या लोकांचा पट्टा खोटा. कुणाचा,
ते यंत्राला ठाऊक, मला नाही.

रेग स्टॅनिफोर्थ, वय एकाहत्तर.
चाळीस वर्षं रोलिंग मिलमध्ये, भुवया तिथेच ठेवून आलेला.
पट्टा बांधताना म्हणाला,
पोरी, हे तर आम्ही पोलादाला करायचो.
तापवायचं, बुडवायचं, पुन्हा हळूच तापवायचं.
मी म्हटलं, आमच्याकडे म्हण आहे,
टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही.
तो छताकडे बघत राहिला. मग म्हणाला,
आणि जे दगड फुटतात, त्यांची म्हण?

दोन वर्षांनी यादी उघडली.
फरक: नाही म्हणण्याइतका.
मी तो तक्ता तीनदा छापला,
कागद बदलला की आकडा बदलेल अशा आशेने.
ग्लेनिसने चहा आणून ठेवला. काही बोलली नाही.
रेग खोट्या पट्ट्यात होता.
त्याचा दंड आम्ही नुसता धरला होता,
रस्ता ओलांडताना धरावा तेवढा.
त्याची मूत्रपिंडं उत्तम.

दर नोव्हेंबरला तो टेकडी चढून येतो
स्वतःच्या वाफ्यातल्या लीकची जुडी घेऊन,
आणि स्वागतकक्षात सगळ्यांना सांगतो,
ह्या बाईने वाचवलं मला.
या वर्षी मी खरं सांगितलं, दारातच.
म्हणजे तुम्ही काहीच केलं नाही?
काहीच नाही, रेग.
तो हसला. म्हणाला, फार छान केलंत मग.
आणि जुडी माझ्या हातात कोंबून
बसथांब्याकडे उतरू लागला,
कठडा धरत, मध्येच थांबत.

लीकच्या मुळांना ओली माती होती.
ती माझ्या कोटाच्या बाहीला लागली, अजून आहे.

आज बारा नंबरच्या पलंगाला तासाला एकोणीस.
तीस नाही. आठ नाही.
नवा अर्ज टेबलावर अर्धा पडलाय,
पट्टा ऑपरेशनआधी नको, नंतर बांधून बघू या का,
रक्त हळूहळूच सोडलं तर.
आई, ठेवते आता. हो, जेवले.
मी उकिडवी बसते.
थेंब नळीच्या टोकाशी आलाय,
लोंबतोय,
पडत नाहीये अजून.